डेटा खाणारी बकरी

१

बुधवारी सकाळी इंदुबाई पोह्यांना फोडणी घालत होती, तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगीतून योगराजभाऊंचा आवाज आला. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या त्या गल्लीत माणसाचा आवाज ऐकू येणं हीच मुळात बातमी. एरवी तळमजल्यावरच्या कारखान्यात माग असे धडधडतात की वरच्या खोल्यांतली माणसं बोलत नाहीत, ओरडतात. पण बुधवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी कोणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्या गल्लीला कळतं, आणि इंदुबाईला सगळ्या गल्लीच्या आधी.

इंदुबाई मूळची परभणीकडची. सुरतेत येऊन तिनं खानावळ काढली. नवरा दत्तू भाजी आणायचा, ती रांधायची, आणि दोन्ही वेळा मागवाल्यांची पंगत उठायची. ताटात भाकरी किती राहिली यावरून माणसाच्या पोटात काय दुखतंय हे ती ओळखायची. गल्लीतली दोन हरवलेली मंगळसूत्रं आणि एक पळवलेली सायकल तिनंच शोधून दिली होती. पोलिसांकडे जाण्याआधी लोक तिच्याकडे यायचे, कारण तिथं निदान चहा मिळायचा.

"आवं, पोहे बघा जरा," असं दत्तूला सांगून ती पदर खोचत समोरचा जिना चढली.

वर तमाशा रंगात आला होता. योगराजभाऊ मोबाईल नाचवत होते. त्यांची बायको उषाबाई मांडीवर साडी घेऊन खडे चिकटवायचं सोडून डोळे पुसत होती. आणि दारात, खांद्याला पिशवी लावून, त्यांची लेक रंजना उभी होती. रंजना कॉम्प्युटरवर साडीचं डिझाईन काढायचा कोर्स करत होती. शेवटचा महिना, आणि परीक्षा झाली की एका व्यापाऱ्याकडे नोकरी ठरल्यासारखीच होती.

"काय झालं की भाऊ? एवढं गल्ली डोक्यावर घ्यायला?"

"चोरी झाली, इंदुबाई! आमच्या घरात, दिवसाढवळ्या. हे बघा, पुन्हा आला मेसेज. जादा डेटा, जादा डेटा! आम्ही सगळ्या घराचा एकच प्लॅन घेतला, म्हटलं स्वस्तात पडेल. आणि कंपनी दर महिन्याला माझी चामडी सोलते. आता माझ्या नंबरवर नाही, रंजनाच्या नंबरवर नाही. सगळा डेटा उडतो उषाच्या फोनवरून!"

"कानबाई मायनी आण," उषाबाई रडत म्हणाली, "मी सकायले विहीणबाईसंगे बोलस, तितलंच. बाकी हात बी लावत नही."

विहीणबाई म्हणजे धुरपदाबाई. अमळनेरजवळच्या खेड्यात राहायच्या. त्यांच्या शुभमशी रंजनाची सोयरिक नुकतीच जुळली होती.

"मग काय फोन स्वतःच बघतो का सिनेमे?" योगराजभाऊ लेकीकडे वळले. "हिनीच फोनमा काहीतरी घाली ठेयेल शे! ते डिझाईनचं खूळ. आजपासून क्लास बंद. लग्नाची पोर, तिला कशाला पाहिजे कॉम्प्युटर?"

"आप्पा, मी आईच्या फोनला शिवले पण नाही! एक महिना राहिलाय. मला शिकू द्या हो. मला शिकू द्या!" रंजना भिंतीला टेकून हमसून हमसून रडायला लागली.

ही पोर इंदुबाईच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली होती. "माझं पहिलं डिझाईन इंदुमावशीच्या अंगावर," असा शब्द तिनं दिला होता.

"योगराजभाऊ," इंदुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मला शनिवारपर्यंत मुदत द्या. डेटाचोर पकडून दिला तर पोरगी सोमवारी क्लासला जाईल. नाही दिला, तर महिनाभर तुमचं सगळं घर माझ्याकडं फुकट जेवेल."

योगराजभाऊंना इंदुबाईचा ठेचा फार आवडायचा. ते लगेच कबूल झाले.

आणि त्या शांततेत कुठूनतरी आवाज आला.

"बेंऽऽ."

बकरी! इंदुबाई चमकून खिडकीशी गेली. खाली साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेला एक टेम्पो उभा होता. त्याच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं. बकरीचा पत्ता नाही.

"तुम्हाले बी आयकू वनं?" उषाबाईनं विचारलं. "माले वाटनं, गावनी याद येस म्हनीसन मालेच आयकू येस."

२

मोबाईल कंपनीच्या दुकानात थंडगार हवा होती, तिचा इंदुबाईच्या डोक्यावर काडीचाही परिणाम झाला नाही. आधी तिनं योगराजभाऊंना घेऊन कंपनीला फोन लावून पाहिला होता. "गुजरातीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा" करत करत ती यंत्रबाई शेवटी नवा प्लॅनच विकायला लागली, तेव्हा इंदुबाईनं तिला परभणीच्या भाषेत चार शब्द सुनावले आणि त्यांना घेऊन तडक इथं आली.

काउंटरवर स्नेहा नावाची मुलगी होती. बिचारी सकाळपासून अशीच बोलणी खात असणार.

"मावशी, सिस्टममां बतावे छे," ती म्हणाली आणि योगराजभाऊंचा चेहरा बघून मराठीत वळली. "म्हणजे डेटा तुमच्याच नंबरवरून गेलाय. कंपनीनं काही खाल्लं नाही."

"कंपनीनं नाही, तुम्ही नाही, आम्ही नाही. मग डेटाला काय वाळवी लागली व्हय?"

स्नेहाला हसू आवरेना. तिनं पडदा जरा वळवला. "हे बघा. जातो तो सगळा व्हिडिओत. आणि वेळ पण ठरलेली. सकाळी सुरू होतो, दुपारी बंद. रात्री काहीच नाही."

"ते जादा पैसे घेणं तरी थांबवता येतं का?"

"येतं की. डेटा संपला की नेट बंद करून ठेवते, जादा आकार लागणार नाही. मागितलं की मिळतं."

"आणि मागितलं नाही तर खिसा कापता! दिवसातून दहा वेळा मेसेज करता, अमुक गाणं लावा, तमुक लावा. एकदा हे सांगायला काय तोंडाला फोड आला होता?"

स्नेहानं मान खाली घालून बटणं दाबली. "झालं. पण पुढच्या महिन्यापासून लागू होईल."

इंदुबाई बाहेर आली ती विचारातच. सकाळ ते दुपार. त्या वेळी योगराजभाऊ मागावर. रंजना क्लासला. मग घरात फोनच्या आसपास असतं कोण?

एक माणूस तिच्या डोक्यात आला. उषाबाईच्या शेजारच्या खोलीतला सुपडू. त्याला व्हिडिओचं भारी वेड.

३

दुपारच्या पंगतीला सुपडू आला. एरवी पाच भाकरी रिचवणारा गडी, आज तिसरीलाच पाणी प्यायला. इंदुबाईनं वाटीत आमटी वाढता वाढता विचारलं, "काय रे, भूक मेली का? का दुसऱ्याचं काही खाल्लंस?"

सुपडूला ठसका लागला.

"सकाळी ऐकलंच असशील. उषाबाईचा डेटा कोणीतरी ओढायलंय. कुस्त्यांचे व्हिडिओ बघतोस ते कोणाच्या नेटवर? खरं बोल, नाहीतर उद्यापासून ठेचा बंद."

ठेच्याचं नाव काढताच सुपडू ढासळला. "मावशी, चोरतो मी, पण उषाबाईचा नाही हो!"

"मग कोणाचा?"

"तुमचा."

सगळी पंगत थांबली. इंदुबाईच्या हातातला डाव तसाच राहिला.

"दत्तूकाकांनी हॉटस्पॉट लावून दिला. संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या बाजूला बसून कुस्त्या बघतो. काका म्हणाले, हिला सांगू नको."

दत्तूला तेवढ्यात कोथिंबीर आणायची आठवण झाली आणि तो पिशवी न घेताच बाजाराला गेला. पंगत खो खो हसायला लागली. इंदुबाईलाही हसू फुटलं, पण तिनं ते रात्रीपर्यंत राखून ठेवलं.

सुपडू मात्र सुटला. सकाळी तोही मागावरच असायचा आणि मुकादम मागापाशी फोन आणू देत नसे. म्हणजे सकाळच्या वेळी घरात फोन आणि उषाबाई, तिसरं कोणी नाही. आणि कानबाई देवीची खोटी शपथ खानदेशी बाई जिवात जीव आहे तोवर घेणार नाही.

मग डेटा खातं कोण?

४

गुरुवारी सकाळी पाळी बदलायच्या वेळेला इंदुबाई उषाबाईकडे जाऊन बसली. योगराजभाऊ खाली गेले होते. रंजना एका कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसली होती. पोरीनं कालपासून घास तोंडात घातला नव्हता.

रात्रपाळीचे लोक बाहेर पडतात, दिवसपाळीचे आत येतात, तेवढा घटकाभर खालचा खडखडाट बसतो. ती वेळ साधून उषाबाईनं डोक्यावरून पदर घेतला, फळीवर चार्जिंगला लावलेल्या फोनसमोर उभी राहिली आणि विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. धुरपदाबाईंचा हसरा चेहरा दिसला. पापड झाले का, बस्ता कधी बांधायचा, शुभमचा सदरा कोणत्या रंगाचा, असं गोडीगुलाबीचं बोलणं झालं. घरात रडारड चाललीय याचा उषाबाईनं वाससुद्धा येऊ दिला नाही.

"बरं तर मग, विहीणबाई. तुम्हीच बंद करा आता," उषाबाई म्हणाली.

"नही वं माय, तुम्ही करा."

"असं कसं? पहिला मान तुमचा."

"मान कसाना? तुम्ही करा!"

तेवढ्यात खाली माग सुरू झाले आणि पुढचं सगळं त्या धडधडाटात बुडालं. उषाबाईनं फोनला वाकून नमस्कार केला. मग साडीवरची चमकी आणि गोंद उडू नये म्हणून त्याच्यावर भरतकामाचा रुमाल पांघरला आणि ती खडे चिकटवायला बसली.

इंदुबाई बराच वेळ बसून राहिली. घरात कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. उठताना आधाराला तिचा हात फळीवर पडला, तो रुमालाला लागला. फोन तव्यासारखा तापला होता. चार्जिंगला लावलेला फोन तापायचाच, असं म्हणून ती हात झटकत जिना उतरली.

फुकट जेवायला येणाऱ्या योगराजभाऊंचं ताट तिला डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं. ताटाचं काही नव्हतं. पोरीच्या डोळ्यांतलं पाणी तिला बघवत नव्हतं.

५

संध्याकाळी खानावळीत शुभम आला. कडोदऱ्याच्या कारखान्यात कामाला असलेला हा होणारा जावई, हातात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पिशवी घेऊन दाराशी घुटमळत होता.

"मावशी, मायनी गावाहून बिबडे पाठवलेत. सासरी द्यायचेत. पण बोलावल्याशिवाय कसं जाऊ? तुम्ही देता का?"

"देते की. आधी बस. जेव."

शुभम दोन घास खाऊन थांबला. इंदुबाईनं ताटाकडे बघितलं. "पोटात काय आहे ते ओक बघू."

"हसाल तुम्ही."

"नाही हसणार. बोल."

"आमच्या गावाकडच्या घरात भूत शिरलंय."

इंदुबाईनं ओठ घट्ट दाबले.

"खरंच! सैपाकघराच्या देवळीतून खडखड, धडधड आवाज येतो. सकाळी सुरू होतो, दुपारी थांबतो. शेजारपाजारचे लोक येऊन ऐकून गेले. मायनी भगत आणला, लिंबू-मिरची बांधली. भगत म्हणाला, भूत कामकरी जातीचं आहे, बुधवारी सुट्टी घेतं."

इंदुबाईचा हात भाकरीवर थबकला.

"काय म्हणालास? बुधवारी?"

"हो. बुधवारी खडखड नसते. पण काल बुधवारी तर कहरच झाला. देवळीतून माणसं बोलली! एक पुरुष ओरडत होता आणि एक बाई रडून रडून सांगत होती, 'मला शिकू द्या, मला शिकू द्या.' माय घाबरून चुलीमागे बसून राहिली. त्यात आमची बकरी दाराशी ओरडत होती..."

"बकरी!" इंदुबाई एवढ्या जोरात ओरडली की सुपडूच्या हातातला तांब्या पडला. "तुमच्या घरी बकरी आहे?"

"आहे की. चुलीपाशीच बांधतो."

"आणि शुभम, एक विचारते. तुझ्या आईचा फोनचा प्लॅन कोणाच्या नावावर?"

शुभमचा चेहरा पडला. "माझ्याच. त्याचंही नवलच बघा. दोन महिने झाले, मायच्या नंबरवर जादा डेटा लागतोय. कंपनीशी भांडून भांडून घसा बसला माझा."

इंदुबाईनं त्याच्या ताटात तुपाची धार सोडली. कोणी मागितली नव्हती, पण तिला आनंदच तेवढा झाला होता.

"जेव पोटभर. आणि उद्या सकाळी पाळीच्या वेळेला इथं हजर राहा. तुझं भूत आणि माझा चोर मी एकाच झटक्यात पकडून देते!"

६

शुक्रवारी सकाळी उषाबाईचा कॉल झाला, माग सुरू झाले, रुमाल पडला. मग इंदुबाई शुभमला घेऊन वर आली. पाळीला उशीर करून थांबलेल्या सुपडूला पाठवून तिनं योगराजभाऊंनाही मुकादमाची परवानगी काढून वर बोलावलं. जावई अचानक दारात बघून उषाबाईची पदर सावरताना तारांबळ उडाली. रंजना लाजून दाराआड गेली, पण कान मात्र बाहेरच ठेवून गेली.

त्या धडधडाटात बोलणं शक्यच नव्हतं. इंदुबाईनं फोन रुमालासकट उचलला आणि सगळ्यांना गच्चीवर नेलं. तिथं आवाज जरा कमी होता.

"आता ऐका," ती म्हणाली. "सुरतेत तिसऱ्या मजल्यावर बकरी ओरडते. अमळनेरजवळच्या खेड्यात, जिथं माग नाही, तिथं माग धडधडतो. भूत सकाळी येतं, दुपारी जातं. तुमचा डेटासुद्धा सकाळी सुरू होतो, दुपारी थांबतो. आमच्या कारखान्याला बुधवारी सुट्टी, तर भुतालाही बुधवारी सुट्टी. आणि जादा पैसे दोन्ही घरांना. एवढ्या गोष्टी जुळायला लागल्यावर चोर दोन कसे असतील? उषाबाई, तुम्ही विहिणीशी बोलून झाल्यावर फोन बंद कोण करतं?"

"विहीणबाई. मान त्यासना. आमी पोरीवाला. आमी कसं तोडाचं? सोयरिक नवी शे. लाल बटन दाबीसन विहिनले हाकलाचं का?"

"आणि त्या बंद करतात हे तुम्हाला कसं कळतं?"

उषाबाईनं शुभमकडे बघितलं, मग फोनकडे.

इंदुबाईनं रुमाल ओढला.

धुरपदाबाईंनी फोन देवळीत ठेवलेला, त्यातून त्यांचं सैपाकघर दिसत होतं. चूल पेटलेली, वर लिंबू-मिरची टांगलेली, कोपऱ्यात बकरी पाला खात होती. आणि धुरपदाबाई स्वतः अगदी समोर, डोळे बारीक करून कपाळाला कुंकू लावत होत्या.

"रामराम, विहीणबाई!" इंदुबाई ओरडली.

धुरपदाबाईंच्या हातून कुंकवाचा करंडा उडाला. "वं मायऽऽ! भूत!"

"भूत नही माय, मी शे," शुभम पुढे सरकला. "फोन चालूच होता! इतके दिवस तू बंदच केला नाही का?"

"मी कशी करू?" धुरपदाबाईंनी छातीवर हात ठेवला. "मी पोऱ्यानी माय. मी आधी तोडं तर त्या म्हनतीन, विहीण तोऱ्यात शे. म्हनीसन त्यासनावर सोडं. मंग फोन काया कुट्ट पडे आनि कोपऱ्यात मना तोंड दिसे. माले वाटे, बंद व्हयना म्हंजे आरसा व्हस!"

आता मात्र कोणाला राहवेना. योगराजभाऊ हसता हसता पाण्याच्या टाकीला टेकले. उषाबाई तोंडात पदर कोंबून हसत होती. दोन विहिणींनी एकमेकींचा मान राखता राखता दोन घरांचा डेटा धुऊन काढला होता. रोज दुपारी धुरपदाबाईंच्या फोनची बॅटरी मान टाकायची, तेव्हाच काय तो कॉल तुटायचा. तो तुटला नसता तर कंपनीनं दोन्ही घरं गहाण ठेवून घेतली असती.

पण धुरपदाबाई हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"थांबा. मंग बुधवारी ती रडनारी बाई कोन?"

योगराजभाऊंनी खाली बघितलं. इंदुबाई जिन्याच्या दाराकडे गेली आणि मागोमाग येऊन तिथं लपलेल्या रंजनाला हाताला धरून फोनपुढे आणून उभं केलं.

"ही. तुमची सून. डेटा हिनंच उडवला असं समजून हिचा क्लास बंद झाला. परीक्षेला एक महिना राहिलाय."

रंजनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. धुरपदाबाईंनी पदरानं आपलेच डोळे पुसले.

"व्याहीबुवा," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज ठणठणीत झाला, "मी काय करी बसनू, ते आयका. माले वाटनं, शिकाना हट्ट अपुरा राहीसन एखादी पोर मरेल व्हई, तिना जीव मन्ह्या घरमा घुटमयस. मी कानबाईपुढं नारय फोडा. सांगं, 'माय, तू शांत व्हय. मन्ह्या घरमा येनारी पोर मी शिकाडसू, तिले कोनी अडावाऊ नही.' आता सांगा. कानबाईले देयेल शब्द मी मोडू का तुम्ही मोडतस?"

कानबाईपुढे दिलेला शब्द, आणि तोही मुलाच्या आईनं दिलेला! योगराजभाऊंची काय बिशाद? त्यांनी टोपी काढली, फोनला हात जोडले, आणि मग ते लेकीकडे वळले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी. सोमवार कसाले? आजच जाय. पिशवी कोठे शे तुन्ही?"

रंजना त्यांच्या गळ्यातच पडली. शुभमनं बकरीकडे बघतोय असं दाखवत डोळे पुसले. "मी सोडतो कडोदऱ्याला जाता जाता," तो पुटपुटला. "म्हणजे, चालत असेल तर."

"चालस, चालस!" फोनमधून धुरपदाबाईच ओरडल्या.

"आणि भाऊ, त्या जादा पैशांचं काय?" सुपडूनं मध्येच विचारलं.

"जाऊ दे रे," योगराजभाऊ म्हणाले. "म्हणू, विहिणीला आहेर केला."

बोलणं संपलं. बिबडे पोचले, परीक्षेला आशीर्वाद देऊन झाला, बस्त्याचा दिवसही ठरला.

"बरं तर मग, विहीणबाई," उषाबाई पदर सावरत म्हणाली, "तुम्हीच बंद करा."

"नही वं माय. तुम्ही करा."

"असं कसं? मान तुमचा."

इंदुबाईनं कपाळावर हात मारला. मग तिनं दोघींना थांबवलं.

"बाई गं! मी पोरीकडची नाही, पोराकडची नाही. मी मधली. माझ्यानं कोणाचा मान जात नाही आणि सोयरिक तुटत नाही."

आणि तिनं पुढे होऊन लाल बटण दाबलं.

तेव्हापासून रोज सकाळी पाळी बदलायच्या वेळेला इंदुबाई पोहे दत्तूवर सोपवून समोरचा जिना चढते, विहिणींचं बोलणं होईपर्यंत थांबते, बटण दाबते आणि परत येते. लग्न झालं, रंजना नोकरीला लागली, तिच्या पहिल्या डिझाईनची साडीही इंदुबाईनं नेसून झाली, तरी ते काम काही सुटलेलं नाही. गावची बकरीसुद्धा म्हणे आता बटण दाबायच्या आधी एकदा ओरडून निरोप घेते.